डाव्या बुटातली गाठ

माले पोस्ट, ता. मुळशी
६ नोव्हेंबर २०२४

चि. निरंजन,

आशीर्वाद आहेतच, पण आधी बोलणी खा. तुझ्या पाकिटावर पिनकोड नाही. पोस्टातल्या बाईनं वाढवलेला मुलगा पिनकोड विसरतो हे बाहेर कळलं, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि 'प्रिय आत्या' काय? मी काय तुझी कॉलेजातली मैत्रीण आहे?

तरी पत्र लिहिलंस, बरं वाटलं. फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि मागे कीबोर्ड वाजत असतो. पत्र लिहिताना निदान एका जागी बसलेला असतोस. शिवाय आमच्या पोस्टात हल्ली बँकेच्या नोटिसा आणि आधार कार्डं सोडून काही येत नाही. महिन्याला एखादं खरं पत्र यायला हवं, मग ते माझ्याच नावाचं का असेना. मीच शिक्का मारते, मीच मला नेऊन देते.

दिवाळीत तू माझे बूट पाहिलेस आणि गप्प बसलास. आता पत्रातून विचारतोस. तर ऐक. डावा हात भरून येतो. बोटं सुजल्यासारखी होतात, नाडी चिमटीत धरता येत नाही. सत्तावन्न वय काही कमी नाही, हात कुरकुरायचाच. रोज सकाळी शेजारची स्नेहल येऊन नाड्या बांधून देते. बारावी झालेली सून, स्वतःच्या घरचं काम टाकून माझ्या पायाशी बसते. मला फार लाज वाटते. तू आणलेले चिकटपट्टीचे बूट ठेवून दिलेत. पट्टीत माती भरते आणि धनगरवाड्याच्या चढावर बूट पायातून निघून येतो. चपलेवर तो चढ होत नाही.

वर गेणबा बसलेला असतो. त्याला आता दिसत नाही, बुटाच्या आवाजावरून ओळखतो. टपाल असो नसो, मी गेले की त्याचा दिवस होतो. खरं सांगायचं तर माझाही. बूट नाहीत तर वाड्या नाहीत, आणि वाड्या सुटल्या की मी घरात बसून करू काय? माझी अडचण एवढीच आहे.

नलूआत्या


जांबे
१४ नोव्हेंबर २०२४

आत्याबाईंच्या सेवेशी, पिनकोडासह,

तुझी अडचण सुटली. म्हणजे सुटेल. मी दिवसभर काय करतो ते तू नेहमी विचारतेस आणि मी टाळतो, कारण सांगण्यासारखं काही नाही. गाड्यांच्या काचा वर-खाली करणाऱ्या मोटरींचे प्रोग्रॅम लिहितो. परवा तुझं पत्र वाचताना डोक्यात आलं, बटण दाबल्यावर काच वर जाते तर नाडी का आवळली जाऊ नये?

टाचेत एक छोटी मोटर. मोटरीवर एक चाक. नाडीऐवजी बारीक दोरी, ती त्या चाकावर गुंडाळली जाईल. टाचेच्या मागे मोठं बटण. काठीनं दाबलंस की बूट आवळेल, पुन्हा दाबलंस की सैल होईल. वाकायचं नाही, चिमटीत काही धरायचं नाही, स्नेहलला हाक मारायची नाही.

सामान जमवायला लागलोय. शनिवारी दिवसभर बुधवार पेठेतल्या गल्ल्या पालथ्या घातल्या. मोटर मिळाली, पण तिचे दात प्लॅस्टिकचे आहेत, दोन-तीन महिन्यांत झिजतील. धातूच्या दातांची बाहेरून मागवावी लागेल. ऑफिसातल्या मनीषचा ड्रोन झाडावर आपटून मेला, त्याची बॅटरी मी मागून घेतली. दोरीचं चाक म्हणून तुझ्या शिलाई मशीनची बॉबिन चालेल. तुझ्याकडून आणखी तीन गोष्टी हव्यात. दोन्ही पायांचा कागदावर काढलेला ठसा, मुळशी धरणावर मासे धरणाऱ्यांकडची गळाची विणलेली दोरी, आणि टपालाच्या फाटक्या थैलीचे पितळी डोळे, म्हणजे दोरी ओवायच्या कड्या, कापडी बुटाला ते शोभतील.

आई-बाबा गेल्यावर पहिलीत असताना तू माझ्या बुटांना दुहेरी गाठ मारायचीस. शाळेत कुणाला ती सुटायची नाही, मलाही नाही. संध्याकाळी तूच सोडायचीस. आता माझी पाळी.

निरू


माले
२५ नोव्हेंबर २०२४

चि. निरू,

ठसे पाठवले आहेत. मनीऑर्डरच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर पाय ठेवून स्नेहलनं पेन फिरवलं, मला गुदगुल्या झाल्या, म्हणून उजव्या पायाचं बोट जरा वाकडं आलंय. माझा आणि तिचा पाय नखभरसुद्धा कमी-जास्त नाही हे त्यात कळलं. बॉबिन, पितळी डोळे आणि दोरी सोबत आहे. दोरीसाठी मी स्वतः धरणावर गेले होते. त्या म्हाताऱ्या कोळ्याला सांगितलं की बुटाला लावायची आहे, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, ही दोरी तुटायची न्हाई. मासा तुटंल," म्हणाला.

परवा तुळजाबाईंच्या नावचं पत्र आलं, नातवाचं, अहमदाबादहून. त्या जाऊन पंधरा दिवस झाले. नियमानं पाकिटावर 'मयत' असं लिहून परत पाठवायचं असतं. पंचवीस वर्षांत माझा हात त्या शब्दाला धजला नाही. मी लिहिते, 'गाठ पडली नाही'. पौडचे साहेब रागावतात, असा शेरा पुस्तकात नाही म्हणतात. नसू दे. लिहिणाऱ्याच्या हाती पाकीट परत जातं तेव्हा त्यानं काय वाचावं, हे पुस्तक लिहिणाऱ्यांना काय ठाऊक? स्नेहलला हाताखाली शिकवतेय, तिलाही हेच सांगून ठेवलंय.

आत्या


जांबे
५ जानेवारी २०२५

आत्या,

पार्सल उघडताना कात्री जपून चालव. बूट तयार आहेत, पण पक्के नाहीत. मोटर अजून प्लॅस्टिकच्या दातांचीच आहे. सपाटीवर वापर, धनगरवाड्याचा चढ आठवड्यातून एकदाच. दर रविवारी चार्जिंगला लाव, मोबाइलचीच पिन आहे. घर्र असा आवाज येईल, घाबरू नकोस. धातूच्या दातांची मोटर मागवली आहे. ती आली की मी घेऊन येतो आणि तुझ्यासमोर बसवतो. मधे रिकाम्या हातानं येत नाही.

काही अडलं तर सविस्तर लिही. कुठल्या बाजूला अडलं तेही लिही, डाव्या की उजव्या.

निरू


माले
१९ जानेवारी २०२५

चि. निरू,

काय सांगू तुला? पहिल्या दिवशी ओट्यावर बसून काठीनं बटण दाबलं आणि बुटानं माझा पाय धरला. स्नेहल टाळ्या वाजवायला लागली. मी रडले, पण ते तुला सांगायचं नव्हतं. आठ दिवसांत चारदा वर जाऊन आले, तू ओरडशील म्हणून आधीच सांगते. गेणबा आवाज ऐकून म्हणाला, "बाई, ह्यो बूट गुरगुरतोय. चावंल बिवंल." माझ्या भाच्यानं केलाय म्हटल्यावर त्यानं बूट हातात घेऊन चाचपून पाहिला.

आणखी एक. लिहू की नको करत चार दिवस गेले. डाव्या बाजूला गाठ आहे. दुखत नाही. आधी वाटाण्याएवढी होती, आता सुपारीएवढी झाली आहे. आईचीही अशीच घट्ट होती. कुणाला दाखवू का? पौडला दाखवता येईल, पण तिथे परका पुरुष, मला संकोच वाटतो. तू काय म्हणतोस ते कळव. तू म्हणशील तसं करीन.

आत्या


जांबे
२८ जानेवारी २०२५

आत्या,

चारदा वर गेलीस म्हणजे कमाल आहे. तुझं पत्र ऑफिसच्या बसमध्ये वाचलं आणि एकटाच हसत होतो.

गाठीचं एवढं मनावर घेऊ नकोस. नवी दोरी चाकावर गुंतते, असं होतंच. डाव्या बाजूची मोटर तशीही जरा हट्टी आहे. दुखत नाही ना, म्हणजे पायाला टोचत नाही ना? मग राहू दे. ओढू नकोस, दाबून बघू नकोस, कुणाला दाखवू नकोस. पौडच्या चपलावाल्याकडे तर मुळीच नेऊ नकोस, तो सरळ कापून काढेल आणि सगळंच वाया जाईल. नवी मोटर आली की मी स्वतः येऊन सोडवतो. तोवर वाढली तर वाढू दे.

आजीची गाठ घट्ट असायची हे खरं. बाबा सांगायचे, तिनं बांधलेलं भाताचं पोतं सोडायला विळा लागायचा.

निरू


माले
६ फेब्रुवारी २०२५

चि. निरू,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

बरं. हात लावत नाही. कुणाला दाखवत नाही. तू येशील तेव्हा बघू.

आत्या


जांबे
११ एप्रिल २०२५

आत्या,

दोन महिन्यांत लिहिलं नाही, कान धर. मोटरीची रडकथा ऐक. पहिलं पार्सल आलं, उघडलं तर पुन्हा प्लॅस्टिकचे दात. परत पाठवलं. दुसरं पार्सल मुंबईला विमानतळावर कस्टममध्ये अडकलंय. कागद मागतात, मी देतो, मग दुसरा कागद मागतात. बुटाची मोटर म्हटलं की त्यांना हसू येतं आणि फाइल खाली जाते.

इकडे ऑफिसात परदेशी पाहुणे आलेत, दोन रविवार त्यांच्यातच गेले. जांब्याहून मालेला यायला तास-दीड तास लागतो हे मला माहीत आहे, तू म्हणायच्या आधीच म्हणतो. पण मोटरीशिवाय येऊन करू काय? गाठ वाढली का? वाढली असेल तर दोरीच बदलू.

निरू


माले
३ मे २०२५

चि. निरू,

वाढली.

वाड्या आता स्नेहल करते. मी काउंटरवर बसते, चढाला धाप लागते. बूट पुसून ठेवले आहेत.

मोटर आली की ये. नाही आली तरी ये.

आत्या


जांबे
१२ जून २०२५

आत्या,

काल वॉर्डात तुझ्यासमोर दोन तास बसलो. सलाइनबद्दल बोललो, तिथल्या वरणाला चव नाही यावर बोललो. जे बोलायचं ते तसंच राहिलं. म्हणून लिहितो, ही सवय तुझीच.

एक तारखेच्या रविवारी मी मोटर घेऊन आलो तेव्हा इतका खुशीत होतो की तुझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. ओट्यावर बसलो, पेचकस काढला आणि डावा बूट उघडला. दोरी सरळ होती. बॉबिनवर एकावर एक नीट गुंडाळलेली, नवी असल्यासारखी. मला वाटलं आपली बाजू चुकली, म्हणून उजवा उघडला. त्यातही काही नाही. मग तुला विचारलं, "आत्या, गाठ कुठंय?"

तू तांदूळ निवडत होतीस. मान वर केली नाहीस.

"बुटात न्हाई रं, निरू."

मी तेव्हा तुझा हात बघितला. खांद्यापासून बोटांपर्यंत सुजलेला, बांगडी कातरून काढलेली. आजी कशानं गेली ते मला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, तिच्या छातीत गाठ झाली होती. आणि तू 'आईचीही अशीच होती' लिहिलंस तर मी तुला भाताच्या पोत्याची गंमत सांगितली.

पुण्यात तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, इतके दिवस का थांबलात? आता काखेत, यकृतात सगळीकडे पसरलंय. जानेवारीत आला असतात तर खूप काही करता आलं असतं. तू म्हणालीस, कामात राहून गेलं. मी शेजारी उभा होतो आणि गप्प बसलो. मी सांगायला हवं होतं की हिला मी थांबवलं. माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. दाबून बघू नकोस, कुणाला दाखवू नकोस, वाढली तर वाढू दे.

काचेत कुणाचं बोट अडकलं तर मोटरनं ओळखून थांबलं पाहिजे, असा प्रोग्रॅम मी लिहितो. त्याचा पगार घेतो. माझ्या आत्याचा हात सुजला आणि मी बुटाला मोटर लावत बसलो. हात का सुजला, एवढं विचारायला काही सामान लागत नव्हतं.

मला माफ कर असं लिहायचा धीर होत नाही.

निरू


पुणे, वॉर्डातून
२ जुलै २०२५

चि. निरू,

या पाकिटावर तू वॉर्ड नंबर घातलास, खाट नंबर घातलास आणि पिनकोड पुन्हा विसरलास. तरी पोचलं, आमच्या खात्याची माणसं चांगली आहेत.

आता नीट ऐक, मला एका दमात फार लिहवत नाही. तू बुटाचं लिहिलंयस हे मला पहिल्या ओळीतच कळलं होतं. मी तेवढी बावळट नाही. दुसऱ्याच दिवशी तुला खरं कळवायला कागद घेऊन बसले. 'छाती' हा एक शब्द लिहायचा होता. तुला मी न्हाऊमाखू घातलंय, तुझं सगळं केलंय, पण तो शब्द तुला लिहायला हात उचलेना. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. दुखत नाही ना, मग राहू दे. निरू, मला कुणीतरी हेच सांगायला हवं होतं. आईचं दुखणं सहा महिने मी काढलंय. मी भ्याले होते. तुझ्या पत्राच्या आड जाऊन बसले आणि स्वतःला सांगत राहिले की तूच सांगितलंयस. चूक निम्मी माझी आहे. सगळी एकट्याकडे घेऊन जाऊ नकोस.

पण खोटं कशाला लिहू? मे महिन्यात 'नाही आली तरी ये' असं लिहिलं, तेव्हा मला वाटलं होतं की तू येशील. चार रविवार ओट्यावर बसून होते. ते मला लागलं. ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि सांगून झालं की राग उरत नाही, म्हणून सांगितलं.

बूट पुरे कर. अर्धवट ठेवलेलं काम मला चालत नाही. स्नेहलला दे, पाय माझ्याएवढाच आहे तिचा. एकदा तिच्याबरोबर वर जा. गेणबाला मी येते म्हणून सांगून ठेवलं होतं.

आत्या


जांबे
१५ सप्टेंबर २०२५

आत्या,

तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. तरी तुझ्या नावानं, मालेच्या पत्त्यावर लिहितो आहे. दुसरीकडे कुठे लिहू?

बूट पुरे केले. धातूच्या दातांची मोटर बसवली, दोरी तीच ठेवली. काल स्नेहलनं ओट्यावर बसून काठीनं बटण दाबलं. तिला काठीची गरज नाही, पण तू तसंच करायचीस म्हणाली. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. मग आम्ही दोघं वर गेलो. तो चढ मी लहानपणी पळत चढायचो, काल तीनदा बसलो. तू सुजलेला हात घेऊन हा चढ आठवड्यात चारदा चढलीस आणि मी त्याला कमाल म्हटलं.

गेणबा दारात बसला होता. स्नेहल दगडावर टेकली आणि बूट सैल करायला तिनं बटण दाबलं. घर्र झालं. गेणबा एकदम ताठ बसला, दोन्ही हात पुढे केले.

"आल्या का बाई? लई दिस लावलं."

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, टपाल घेऊन वर येणाऱ्या स्नेहललाही धीर झाला नव्हता. स्नेहल माझ्याकडे बघायला लागली, मी जमिनीकडे. शेवटी तीच पुढे झाली, त्याच्याजवळ बसली आणि हळू आवाजात काय ते सांगितलं. त्यानं हातानं पुढची जमीन चाचपली. मग म्हणाला, "बूट कुटं हाय?" तिनं डावा बूट काढून त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं तो सगळा चाचपला, टाचेपासून डोळ्यांपर्यंत, आणि तसाच धरून बसला. मला तिथून उठून गोठ्यामागे जावं लागलं.

आता मी दर रविवारी मालेला जातो. मोटर नाही, काही नाही, रिकाम्या हातानं जातो. ओट्यावर बसतो. किती सोपं होतं ते.

आत्या, पिनकोड घातलाय.

निरू


(हे पत्र दहा दिवसांनी जांब्याला परत आलं. पाकिटावर मालेचा शिक्का होता आणि त्याखाली स्नेहलच्या अक्षरात दोन ओळी.)

गाठ पडली नाही.
पाठवणाऱ्यास परत.